भोपाळचा अपुरा प्रबंध

२०२५ सालच्या नववर्षदिनी रात्री भोपाळच्या बंद पडलेल्या युनियन कार्बाइड कारखान्याच्या आवारातून बारा मोहोरबंद वाहने बाहेर पडली आणि पोलिसांच्या बंदोबस्तात सुमारे अडीचशे किलोमीटर दूर असलेल्या पिथमपूरच्या औद्योगिक वसाहतीकडे रवाना झाली. त्यांत ३३७ टन विषारी कचरा होता. ज्या कारखान्याने २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री झोपलेल्या शहरावर मृत्यू सोडला, त्याचा हा उरलासुरला ऐवज हलविण्यास चाळीस वर्षे लागली; आणि तोही उच्च न्यायालयाने आदल्या महिन्यात सरकारला चार आठवड्यांची मुदत घालून दिली म्हणून हलला. वाहने पिथमपुरास पोचताच तेथील लोक रस्त्यावर उतरले. कचरा जाळल्याने हवेला व पाण्याला अपाय होणार नाही, असे सरकार शास्त्रज्ञांच्या हवाल्याने सांगत होते आणि लोक ते ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नव्हते. पुढे न्यायालयाच्या देखरेखीखाली चाचण्या झाल्या आणि त्या वर्षाच्या मध्यापर्यंत तो कचरा जाळून झाला. प्रश्न मात्र राहिला, आणि तो कचऱ्याचा नाही. शास्त्रज्ञ म्हणतो त्यावर सामान्य माणसाचा विश्वास बसेनासा का व्हावा, हा तो प्रश्न आहे.

पिथमपूरचे लोक अडाणी आहेत, त्यांना कोणीतरी भडकावले, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु ज्या राज्याच्या राजधानीत चाळीस वर्षे संशोधन अर्धवट पडले, निष्कर्ष कपाटांत राहिले, आणि विज्ञानाचा शब्द कधी कंपनीच्या तर कधी सरकारच्या सोयीने फिरला, त्या राज्यातील लोकांनी चार दिवसांत विश्वास ठेवावा ही अपेक्षाच मुळी धाडसाची होती.

विद्यापीठांच्या भवितव्याविषयी सध्या आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीचा काळ चार वर्षांचा करण्याची वाट मोकळी केली. परदेशी विद्यापीठांना भारतात दारे उघडली. दरवर्षी गुणानुक्रमाच्या याद्या प्रसिद्ध होतात आणि आपले विद्यापीठ कितव्या क्रमांकावर घसरले यावर दोन दिवस हळहळ व्यक्त होते. विद्यार्थ्याचा निबंध संगणकच लिहून देऊ लागला तर परीक्षा कशाची घ्यावयाची, हा नवा घोर आहेच. हे सारे प्रश्न खरे आहेत. पण विद्यापीठ हवे कशाला, या मूळ प्रश्नाचे उत्तर त्यांत सापडत नाही. ते शोधण्यासाठी भोपाळकडे पाहावे असे आम्हांस वाटते. कारण विद्यापीठाने करावयाचे काम कोणीच केले नाही म्हणजे काय होते, याचे त्याहून ठळक उदाहरण या देशात दुसरे नाही.

भोपाळात विद्यासंस्थांचा दुष्काळ होता असे कोणी म्हणणार नाही. गांधी वैद्यकीय महाविद्यालय १९५५ पासूनचे. मौलाना आझाद यांच्या नावाचे तंत्र महाविद्यालय १९६० चे. भोपाळ विद्यापीठ १९७० मध्ये निघाले आणि १९८८ मध्ये त्याला मौलाना बरकतुल्ला यांचे नाव मिळाले. काबूलमध्ये १९१५ साली स्थापन झालेल्या स्वतंत्र हिंदुस्थानच्या हंगामी सरकारचे पंतप्रधान, भोपाळचेच सुपुत्र, ते हे बरकतुल्ला. पुढे २००८ मध्ये केंद्र सरकारची विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था तेथे आली आणि २०१२ मध्ये अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था. म्हणजे इमारती आहेत, प्रयोगशाळा आहेत, कुलगुरू व संचालक आहेत. त्या शहराच्या हवेत, पाण्यात आणि माणसांच्या फुप्फुसांत मात्र विसाव्या शतकातील एक मोठा वैज्ञानिक प्रश्न येऊन पडला, आणि तो सोडविण्याचे काम विद्यापीठाचे आहे असे कोणालाही वाटले नाही. व्यक्तिगत पातळीवर तेथील अध्यापकांपैकी कोणी काही केले असेलही. आम्ही बोलतो आहोत ते संस्थेने अंगावर घेतलेल्या कामाविषयी.

या कथेचा आरंभ दुर्घटनेच्या आधी वीस वर्षांचा आहे. मिथाइल आयसोसायनेट हे द्रव्य प्राण्यांना कितपत घातक आहे याचा अभ्यास युनियन कार्बाइडने अमेरिकेत पिट्सबर्गच्या मेलन इन्स्टिट्यूटकडून १९६३ मध्ये आणि पुन्हा १९७० मध्ये करवून घेतला होता. दुसऱ्या अभ्यासाच्या वेळेपावेतो ही संस्था कार्नेगी मेलन विद्यापीठाचा भाग झाली होती. अभ्यास झाले, अहवाल कंपनीच्या हाती पडले आणि तेथेच राहिले. ते प्रसिद्ध झाले नाहीत. जगातल्या ग्रंथालयांत या विषावर सापडण्याजोगे होते ते जवळजवळ एवढेच, की १९६४ साली एका जर्मन नियतकालिकात आलेला निबंध. डिसेंबर १९८४ च्या त्या पहाटे हमीदिया रुग्णालयात हजारो माणसे डोळे चोळत, धापा टाकत आली तेव्हा तेथील डॉक्टरांना हा वायू कोणता आणि त्यावर उतारा कोणता हे ठाऊक नव्हते. ज्ञान अस्तित्वात होते, पण ते विकत घेतलेले होते. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत निर्माण झालेले ज्ञान तिजोरीत बंद होऊ शकते, आणि ती तिजोरी माणसे मरेपर्यंत उघडत नाही, हा भोपाळचा पहिला धडा आहे. अमेरिकेतील विद्यापीठांना तो आधी शिकावयास हवा होता, हे जाता जाता नमूद करावयास हरकत नाही.

धोक्याची सूचना कोणी दिलीच नव्हती काय? दिली होती, ती विद्वत्परिषदेत नव्हे, तर एका लहानशा साप्ताहिकात. राजकुमार केसवानी या तरुण पत्रकाराने १९८२ च्या सप्टेंबर व ऑक्टोबर महिन्यांत आपल्या 'रपट' साप्ताहिकातून कारखान्यातील हलगर्जीपणावर एकामागून एक लेख लिहिले. १९८१ च्या डिसेंबरात फॉसजीन वायूने एक कामगार दगावला होता, तेथून त्यांच्या शोधाला सुरुवात झाली. दिल्लीच्या 'जनसत्ता'तही त्यांनी १९८४ च्या जूनमध्ये लिहिले. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत टाकीतून सुमारे चाळीस टन विष बाहेर पडले. रसायनशास्त्राची पदवी नसलेल्या एका पत्रकाराला जे दिसले, ते त्याच शहरात रसायनशास्त्र शिकविणाऱ्यांच्या दृष्टीस का पडले नाही? आमच्या व्यवसायबंधूचे कौतुक म्हणून हे लिहीत नाही. वर्तमानपत्र धोक्याची घंटा वाजवू शकते. विषाचे मोजमाप करणे त्याला शक्य नसते. ते करणारी संस्था शहरात असूनही गप्प होती, एवढेच म्हणावयाचे आहे.

दुर्घटनेनंतरचे वर्ष नीट आठवले तर संशोधन म्हणजे काय असते आणि त्याला कोण घाबरते, या दोन्ही गोष्टी लख्ख दिसतात. गांधी वैद्यकीय महाविद्यालयातील न्यायवैद्यक विभागाचे डॉ. हीरेश चंद्र यांनी पहिल्या दिवसापासून शवविच्छेदने केली. मृतांच्या रक्ताचा रंग त्यांना चेरीसारखा लाल आढळला, आणि शरीरात सायनाइडसदृश विष भिनले असावे असा तर्क त्यांनी मांडला. तसे असेल तर सोडियम थायोसल्फेटच्या सुईने रुग्णांना आराम पडावयास हवा होता. वरवर पाहता हा औषधाचा वाद. प्रत्यक्षात तो कंपनीच्या जबाबदारीचा वाद होता. वायूने केवळ डोळे व फुप्फुसे जळतात असे ठरले तर हानी मर्यादित ठरणार होती. विष रक्तात उतरते असे ठरले तर ती पिढ्यांपर्यंत जाण्याचा संभव होता. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने १९८५ च्या आरंभी रीतसर चाचणी घेतली, सुईचा गुण येतो असे सांगितले, आणि ती देण्याविषयी सूचनाही काढल्या. तरी भोपाळच्या रुग्णालयांतून ती सरसकट दिली गेली नाही. मुंबई-कलकत्त्याच्या तरुण डॉक्टरांनी वस्तीत दवाखाना उघडून ती देण्यास प्रारंभ केला, तेव्हा जून १९८५ मध्ये त्यावर पोलिसांची धाड पडली आणि रुग्णांच्या नोंदी जप्त झाल्या. शेवटी थायोसल्फेटचा पुरवठा करण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. वैद्यकीय नोंदवही हा पोलिसांनी जप्त करावयाचा ऐवज ठरावा, याहून संशोधनाच्या सामर्थ्याची वेगळी पावती कोणती हवी?

त्या वर्षी मराठी मुलखातूनही माणसे भोपाळकडे धावली, हे आपल्याकडे फारसे कोणाच्या ध्यानात नसते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील छातीच्या विकारांचे तज्ज्ञ डॉ. कामत व त्यांचे सहकारी यांनी वायुग्रस्तांच्या फुप्फुसांची तपासणी केली, १९८५ मध्येच पहिला निबंध प्रसिद्ध केला आणि पुढेही त्या रुग्णांचा माग ठेवला. डॉ. राणी बंग यांनी मीरा सद्गोपाल यांच्यासह वस्त्यांतील स्त्रियांची तपासणी केली. सरकारी तपासण्यांत डोळे आणि फुप्फुसे होती. स्त्रियांच्या विकारांविषयी कोणी विचारलेच नव्हते. बाईला काय होते हे तिलाच जाऊन विचारावे, इतकी ही साधी गोष्ट. हाच प्रश्न डॉ. बंग यांनी पुढे गडचिरोलीच्या दोन खेड्यांत विचारला आणि त्यातून निघालेला निबंध १९८९ मध्ये 'लॅन्सेट'ने छापला. ग्रामीण स्त्रियांच्या आरोग्याकडे पाहण्याची जगाची दृष्टी त्याने बदलली. मेडिको फ्रेंड सर्कल या डॉक्टरांच्या मंडळाने मार्च १९८५ मध्ये कारखान्यालगतची एक वस्ती आणि दूरची एक वस्ती अशी निवडून तुलनात्मक पाहणी केली. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाचे डॉ. दया वर्मा यांनी कारखान्याजवळ राहणाऱ्या ८६५ गर्भवतींची माहिती जमविली. त्यांतील सुमारे ४३ टक्के गरोदरपणांत मूल जिवंत जन्मलेच नाही. ही सारी माणसे पदरमोड करून, सुट्या काढून आली आणि काम करून परत गेली. परत जाणे त्यांना भागच होते. मागे राहून पुढची तीस वर्षे तेच घर, तीच बाई, तेच मूल दर वर्षी पाहत राहणे हे एकट्यादुकट्याच्या निष्ठेने होण्याजोगे नसते. त्याला संस्था लागते.

अशी संस्था सरकारने उभारली नाही असे नव्हे. अनुसंधान परिषदेने भोपाळात केंद्र काढले, वायूच्या टापूतील ८०,०२१ माणसांची नोंद केली, तुलनेसाठी वायू न पोचलेल्या वस्तीतील माणसे घेतली आणि दोन डझनांच्या आसपास प्रकल्प हाती घेतले. एवढ्या मोठ्या लोकसंख्येचा औद्योगिक विषबाधेच्या संदर्भात माग घेण्याचा हा प्रयत्न जगाच्या दृष्टीनेही मोलाचा होता. मात्र दावा न्यायालयात चालू असल्याच्या कारणाने निष्कर्ष खुले झाले नाहीत, आणि १९९४ मध्ये, म्हणजे अवघ्या दहा वर्षांत, परिषदेने आपले काम आटोपते घेतले. पुढचे काम राज्य सरकारच्या एका केंद्राकडे गेले. दहा वर्षांच्या श्रमांचे अहवाल एकत्रित स्वरूपात छापून येण्यास २००० नंतरचे दशक उजाडावे लागले. कर्करोगासारखे विकार दिसण्यासच वीस-वीस वर्षे लागतात. वायूच्या रात्री आईच्या पोटात असलेली मुले १९९४ मध्ये तिसरी-चौथीच्या वर्गात होती. ज्या प्रश्नाचे उत्तर तीस वर्षांनी मिळावयाचे, त्याची फाईल दहाव्या वर्षी बांधून ठेवली गेली.

याची किंमत कोणी मोजली? १९८९ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीने ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली, तेव्हा मृतांचा हिशेब तीन हजारांच्या आसपास आणि जखमींचा एक लाखाच्या घरात धरलेला होता. पुढे दावे निकालात निघाले तेव्हा पाच हजारांहून अधिक मृत्यू आणि साडेपाच लाखांहून अधिक जखमी मान्य करावे लागले. माणसे वाढली, रक्कम तीच राहिली. भरपाई वाढवून मिळावी म्हणून केंद्र सरकारने २०१० मध्ये केलेली याचिका १४ मार्च २०२३ रोजी फेटाळली गेली. इतक्या वर्षांनी तडजोड उकरून काढता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेल. पण १९८९ मध्ये त्या आकड्यांना खोडून काढील असे स्वतंत्र, प्रसिद्ध आणि खात्रीचे संशोधन समोर असते, तर सरकारी वकिलाला आणि न्यायाधीशांनाही ते डावलणे जड गेले असते. भोपाळच्या विधवेला मिळालेल्या रकमेत ज्ञानाच्या या उणिवेचा वाटा आहे.

'दीर्घकाळ संशोधन चालविणे गरीब देशाला परवडत नाही' असा युक्तिवाद येथे हमखास केला जातो. इटलीत मिलान शहराजवळ सेवेसो येथे १० जुलै १९७६ रोजी एका रासायनिक कारखान्यातून डायॉक्सिनचा लोट बाहेर पडला. त्या वेळी माणसाच्या रक्ताच्या लहानशा नमुन्यातील डायॉक्सिन मोजण्याची रीतच अस्तित्वात नव्हती. तरीसुद्धा पाओलो मोकारेल्ली या प्राध्यापकांनी तेथील हजारो माणसांचे रक्त घेऊन गोठवून ठेवले. मोजता येत नसताना जपून ठेवले, हे महत्त्वाचे. दहा-बारा वर्षांनी ती रीत निघाली, नमुने बाहेर काढले गेले, आणि कोणाच्या अंगात किती विष गेले होते ते कळले. पुढे मिलान व कॅलिफोर्निया येथील विद्यापीठांनी त्याच नमुन्यांच्या आधारे स्त्रियांचा आणि नंतर त्यांच्या मुलांचा अभ्यास चालू ठेवला. यात खर्च झाला तो शीतपेटीचा आणि धीराचा. हिरोशिमा-नागासाकीच्या लोकांचा अभ्यास १९४० च्या दशकात सुरू झाला तो आजही थांबलेला नाही. आपल्याकडे पैसा नव्हता हे खरे मानले तरी, धीर आयात करावा लागत नाही.

आणि विडंबना अशी, की वायूच्या रात्री गर्भात असलेल्या मुलांचे पुढे काय झाले, यावरील एक महत्त्वाचा निबंध २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला तो कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधकांचा. त्यांनी नवे सर्वेक्षण केले नाही. भारत सरकारच्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे घेतले, भोपाळपासूनची अंतरे मोजली, आणि १९८५ मध्ये त्या परिसरात जन्मलेल्या पुरुषांत कर्करोगाचे व काम करण्यास अडथळा आणणाऱ्या अपंगत्वाचे प्रमाण अधिक असल्याचे दाखविले. परिणाम शंभर किलोमीटरपर्यंत पोचला असावा असे त्यांना आढळले. आकडे आपले, माणसे आपली, भोपाळच्या संस्थांपासून ती हाकेच्या अंतरावर. त्यांतील अर्थ काढला सातासमुद्रापलीकडच्या विद्यापीठाने. परकीयांचा हेवा करण्याचे कारण नाही, त्यांचे आभारच मानावयास हवेत. पण संख्याशास्त्राच्या आपल्या एखाद्या विद्यार्थ्याला हा विषय सुचू नये, किंवा सुचला तर मार्गदर्शकाने 'यात नोकरी लागत नाही' म्हणून परतवावे, ही आपल्या उच्च शिक्षणाची प्रकृती आहे.

ही प्रकृती कशाने बिघडली हे विद्यापीठाशी संबंध असलेल्या कोणालाही ठाऊक आहे. प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिक्त आहेत, आणि तासिका तत्त्वावर नेमलेला अध्यापक पुढच्या वर्षी त्याच महाविद्यालयात असेल याची खात्री नसते. त्याने तीस वर्षांच्या अभ्यासाचा संकल्प कसा सोडावा? २०१० नंतर अनुदान आयोगाने बढतीसाठी निबंधांना गुण देण्याची पद्धत आणली. हेतू बरा होता. फळ असे आले की पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके गल्लोगल्ली निघाली आणि निबंधांचे पीक उदंड आले. तीन वर्षांत संपेल, पाच निबंध देईल आणि कोणाला दुखविणार नाही, असा विषय उत्तम ठरू लागला. या चाचणीत भोपाळसारखा विषय तिन्ही ठिकाणी नापास होतो.

आता पैशाची वाटही बदलते आहे, आणि आमच्या मते भोपाळचा धडा येथेच उपयोगी पडावा. संसदेने २०२३ मध्ये अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा केला. पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपये उभे करण्याची त्यामागची कल्पना आहे, आणि त्यांतील सुमारे ३६ हजार कोटी सरकारबाहेरून, म्हणजे मुख्यतः उद्योगांकडून व दात्यांकडून यावेत अशी अपेक्षा आहे. २०२५ मध्ये खाजगी क्षेत्रातील संशोधनासाठी एक लाख कोटींची स्वतंत्र योजना केंद्राने मंजूर केली. उद्योगांनी संशोधनावर खर्च करावा यात गैर काही नाही. हा देश त्या बाबतीत फारच मागे आहे. पण उद्योगाच्या पैशाने विद्यापीठात झालेल्या अभ्यासाची मालकी कोणाची? एखाद्या कारखान्याने आपल्या सांडपाण्याचा अभ्यास विद्यापीठाकडून करवून घेतला आणि निष्कर्ष गैरसोयीचा निघाला, तर तो छापण्याचा हक्क प्राध्यापकाला असेल काय? मेलन इन्स्टिट्यूटच्या अहवालांचे काय झाले ते आपण पाहिले. लोकांच्या जिवाशी संबंध असलेला निष्कर्ष ठराविक मुदतीनंतर प्रसिद्ध झालाच पाहिजे, असे एक कलम विद्यापीठाच्या प्रत्येक करारात असावयास हवे. ते मान्य नसलेल्याचा पैसा नाकारण्याची छाती कुलगुरूंना असली पाहिजे. सरकारच्या पैशालाही हेच कलम लागू करावे. कारण भोपाळात कंपनीने जे १९८४ पूर्वी केले त्याहून फार वेगळे सरकारने नंतर केले नाही.

विद्यापीठच का, असे कोणी विचारील. सरकारी खाते सचिव बदलला की दिशा बदलते. कंपनी तोटा होताच गाशा गुंडाळते. स्वयंसेवी संस्थेचा कार्यकर्ता म्हातारा होतो. विद्यापीठात मात्र दर जूनमध्ये अठरा वर्षांची नवी मुले येतात. एका तुकडीने सोडलेला धागा दुसरीने उचलावा अशी रचना समाजात फार थोड्या ठिकाणी आहे. आजची आमची विद्यापीठे या वर्णनास पात्र आहेत असा आमचा दावा नाही; त्यांच्यातील गटबाजी व परीक्षांचे घोळ यांवर याच स्तंभात लिहावे लागते. पण ज्याच्याजवळ भांडे आहे त्यानेच पाणी आणावयाचे असते, भांडे घासून घ्यावे लागले तरी.

हे सर्व भोपाळपुरते आहे असे समजून आपण किनाऱ्यावरच्या लोकांनी निश्चिंत राहू नये. गोवा विद्यापीठ १९८५ च्या जूनमध्ये सुरू झाले, म्हणजे भोपाळच्या दुर्घटनेनंतर सहा महिन्यांनी. त्याआधीच, १९७० च्या दशकात, सांकवाळच्या खत कारखान्याच्या सांडपाण्याने मासे मेल्यावरून गोव्यात मोठे आंदोलन झाले होते. १९९५ मध्ये फोंडा तालुक्यातील केरी येथे नायलॉनच्या प्रकल्पाविरुद्धच्या लढ्यात एका तरुणाचा पोलिसांच्या गोळीने बळी गेला, तेव्हा कोठे प्रकल्प गेला. कोकणात लोटे-परशुरामची रासायनिक वसाहत वाशिष्ठीच्या खोऱ्यात उभी राहिली. दाभोळच्या खाडीत मासे मेल्याच्या तक्रारी भोई आणि खारवी बांधव वर्षानुवर्षे करीत आहेत. २०२३ च्या एप्रिलमध्ये बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी मातीची तपासणी झाली ती पोलिसांच्या फौजेच्या पहाऱ्यात. या प्रत्येक वेळी दोन्ही बाजूंनी विज्ञानाची साक्ष काढली गेली, आणि प्रत्येक वेळी दोन्ही बाजूंना मान्य होईल अशी आधीची नोंद हाताशी नव्हती. कारखाना येण्यापूर्वी खाडीत कोणते मासे किती होते, विहिरीचे पाणी कसे होते, गावात दमेकरी किती होते, हे लिहून ठेवलेले नसले म्हणजे नंतर काय बिघडले ते सिद्ध करता येत नाही. वाद उरतो आणि लाठी उरते.

वास्तविक हे काम करण्याजोगी माणसे व जागा आपल्याकडे आहेत. दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासूनची. दापोलीचे कृषी विद्यापीठ १९७२ चे, आणि शिरगावचे मत्स्य महाविद्यालय त्याचेच. रत्नागिरीत मुंबई विद्यापीठाचे उपकेंद्र आहे. स्वतंत्र कोकण विद्यापीठाची मागणी अनेक वर्षांची, आणि आम्हीही तिच्या बाजूचे आहोत. पण त्या विद्यापीठाने करावयाचे काय, याविषयी इमारत, जागा आणि नाव यांपलीकडे चर्चा गेलेली आम्ही ऐकलेली नाही. चिपळूण, खेड, महाड, वास्को येथील महाविद्यालयांतून रसायन, प्राणिशास्त्र व संख्याशास्त्राचे विभाग आहेत. त्यांनी ठरविले तर दर वर्षी नारळी पौर्णिमेपूर्वी आणि शिमग्यानंतर ठराविक जागचे पाणी तपासून, ठराविक वाड्यांतील माणसांची विचारपूस करून ती नोंद सर्वांना पाहता येईल अशी ठेवणे अवघड नाही. याला कोट्यवधींचे अनुदान लागत नाही. लागतो तो विद्यापीठाचा एक ठराव, की अशा कामाला निबंधाइतकेच गुण मिळतील आणि ते करणाऱ्या अध्यापकाला मध्येच हलविले जाणार नाही.

भोपाळात आता काय करता येईल? सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०१२ रोजी वायुग्रस्तांच्या सर्व वैद्यकीय नोंदी संगणकावर आणण्याचा आदेश दिला. तो पुरतेपणी पाळला जात नाही म्हणून उच्च न्यायालयात पुन्हा पुन्हा दाद मागावी लागली आहे. राष्ट्रीय पर्यावरणीय आरोग्य संशोधन संस्था २०१० पासून त्याच शहरात आहे. कारखान्याच्या आवारातील दूषित मातीचा अंदाज नागपूरच्या 'नीरी'ने हैदराबादच्या भूभौतिकी संस्थेसह २०१० मध्ये अकरा लाख टन इतका केला होता. पिथमपुरास गेले ते ३३७ टन. १९८५ मध्ये जन्मलेली मुले चाळिशीत आली, त्यांना मुले झाली. नोंदवह्यांची गाठोडी, ती माती आणि ती माणसे अजून तेथेच आहेत. बरकतुल्ला विद्यापीठाने त्या नोंदींची मागणी सरकारकडे लेखी करावी, आणि अनुसंधान प्रतिष्ठानाने आपल्या तिजोरीतून तीस वर्षांच्या मुदतीचे पहिले अनुदान तिला द्यावे. सरकारने नोंदी देण्याचे नाकारले तर ते कोणत्या कारणाने, हे तरी त्यानिमित्ताने कागदावर येईल.